फेणे मोठा कशाला केला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही भांडायला. विषय तसा जुनाच, २०१७ च्या ऑक्टोबरात आलेला 'फास्टर फेणे' हा सिनेमा. पण गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आमच्या भाच्याने लिहिलं, "मामी, पुस्तकात आहे तसंच हवं असेल तर पुस्तकच वाचावं ना!" आणि त्याला लगेच चार अंगठे मिळाले. चार अंगठ्यांचं उत्तर ग्रुपवर मावायचं नाही, म्हणून इथे.

सिनेमा वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. आदित्य सरपोतदारांनी तो नेटका केलाय. गिरीश कुलकर्णींचा आप्पा तर अंगावर येतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा हा विषयही खराच आहे; कोचिंग क्लासच्या पाट्या वाचत रोज भाजी आणायला जाणाऱ्या नागपूरकराला तो समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्या कुठल्याही नावाने हा सिनेमा आला असता, तर मी तो चहा पीत पाहिला असता आणि गप्प बसले असते.

भांडण त्या नावाचं आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे कोण, तर फुरसुंगीहून पुण्याला विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, किडकिडीत अंगाचा, सायकल दामटणारा, 'टॉक्' करणारा शाळकरी पोरगा. सिनेमातला बनेश कोण, तर मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात आलेला तरुण. सोबत परीक्षेला बसलेला एक मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवायला निघतात आणि हा शोध घेतो. अमेय वाघ तेव्हा तिशीला टेकले होते. धावलेत ते मनापासून, पण मिशा फुटलेल्या माणसाने धावणं आणि शाळकरी पोराने धावणं, यात काही फरक आहे की नाही?

बदल नकोच असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. भागवतांनी स्वतः जूल व्हर्न मराठी मुलांसाठी आणला. परक्याचं आपलं कसं करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फेणेच्या हातात मोबाइल द्या, काश्मीर आणि प्रतापगड सोडून त्याला फुटाळ्याच्या काठावर आणा, माझी हरकत नाही. (उलट आनंदच होईल. विदर्भात काही घडतं हे सिनेमावाल्यांना एकदा कळू द्या!) पण कुठल्याही गोष्टीला एक कणा असतो, आणि फेणेचा कणा त्याचं वय आहे. पोराला काहीतरी दिसलेलं असतं, कळलेलं असतं, आणि मोठी माणसं "जा रे, अभ्यास कर" म्हणून त्याला हाकलतात. खिशात पैसे नाहीत, हातात अधिकार नाही, आहे ती सायकल आणि डोकं. सगळी गंमत त्यातून येते. मोठा झालेला शोधकर्ता काय, असे पन्नास आहेत बाजारात.

हे मी पुस्तकी बोलत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर फेणेची पुस्तकं यायला लागली, आणि त्याच सुमारास मी शिकवायला लागले. आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट, किल्ली माझ्याकडे. शनिवारी पुस्तकं वाटायची. इतवारी, महाल, गांधीबागेतली पोरं. घरी कोणी हलबी बोलणारं, कोणी हिंदी, बहुतेक सगळी "काय बे"वाली. त्यांच्यातल्या कोणीही फुरसुंगी पाहिलेली नव्हती. पुणं म्हणजे रात्रभर गाडीत बसून जायचं गाव, आणि पुस्तकातली मराठी तर पार तिकडची! एरवी ही पोरं अशा मराठीला नाक मुरडायची. पण फेणेची पुस्तकं परत आली की पानांना तेलाचे डाग असायचे, म्हणजे जेवताना वाचलेली. गाव वेगळं, बोली वेगळी, जात-पात वेगळी, सारखं काय होतं? वय. तेवढ्या एका पुलावरून ती पोरं त्या गोष्टीत शिरली. सिनेमाने नेमका तोच पूल काढून टाकला.

माझ्या नातवाला जपानी कार्टूनचं वेड आहे. (कार्टून म्हटलं की रागावतो, 'अ‍ॅनिमे' म्हणायचं.) त्याने मला 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची हकिगत सांगितली. हिरोमू अराकावा या बाईंची ही चित्रकथा २००१ ते २०१० अशी चालली. २००३ मध्ये तिची मालिका निघाली तेव्हा मूळ कथा पुरी व्हायची होती, म्हणून मालिकावाल्यांनी पुढे वेगळी वाट धरली, शेवटसुद्धा आपला रचला. मग २००९ मध्ये पुन्हा नव्याने मालिका काढली, ती मूळ कथेच्या वाटेने. दोन्ही आवडणारे लोक आहेत म्हणे. असोत. पण पहिल्या मालिकेत एवढी उलथापालथ करूनही त्या दोन भावांची पोरवयाची गोष्ट पोरवयाचीच राहिली. थोरला बुटका आहे, कोणी बुटका म्हटलं की भडकतो. त्याला कोणी मिशा लावून नोकरीवाला केला नाही.

आमच्याकडे असं का झालं? कारण सरळ आहे. ज्यांनी लहानपणी फेणे वाचला ते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, तिकीट काढणारे तेच. त्यांच्या आठवणींवर सिनेमा विकायचा, तर फेणेलाही त्यांच्याकडे सरकवायला हवा. म्हणजे पोरांच्या ताटातलं उचलून आईबापांना वाढलं, आणि वर दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर बसवलं, लेखकाचा आशीर्वाद असल्यासारखं. भागवत २००१ मध्येच गेले. विचारणार कोणाला?

मुलांचे सिनेमे चालत नाहीत, हे उत्तर मला देऊ नका. २०१४ मध्ये परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' आला होता. पंढरपूरची पोरं आणि त्यांची एक सायकल, एवढ्यावर उभा! आम्ही तीन पिढ्या एका रांगेत बसून पाहिला. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात फेणेची मालिका आली, तिच्यात सुमीत राघवन होता, तोही तेव्हा पोरगाच होता. म्हणजे जमत नाही असं नाही, करायचं नव्हतं.

आणि गंमत बघा, २०१७ च्या त्या सिनेमात एक लहान पोरगा आहे, भुभू. रस्त्यावरचा, चलाख, तोंडाळ, बनेशला मदत करणारा. शुभम मोरेने झकास केलाय. आमचा नातू तेव्हा सात वर्षांचा. सिनेमाभर तो भुभूच कधी दिसतो याची वाट बघत होता, आणि घरी येताना रिक्षात मला विचारलं, "आजी, त्यातला फास्टर फेणे तो छोटावाला होता ना?"