आरक्षण खिडकीवरचा पडदा प्रवाशालाही वाचता यावा

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मुंबई सेंट्रल विभाग, पश्चिम रेल्वे.

विषय : वसई-विरार परिसरातील आरक्षण खिडक्यांवरील टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सुधारणा करण्याबाबत.

महोदय,

गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मान वर करायलाही फुरसत नसते. गाडीचा पाच आकडी क्रमांक, तारीख, वर्ग, ‘बीएसआर’ ते ‘केकेडब्ल्यू’, म्हणजे वसई रोड ते कणकवली, आणि मग एकेकाचे नाव, वय, लिंग. एका अर्जावर सहा प्रवासी असू शकतात. बोटे कळफलकावर धावत असतात. समोरच्या माणसाने चाकरमान्यांच्या गर्दीत रात्र काढलेली असते, पण आपल्या नावाने आत नेमके काय टंकले जात आहे, हे प्रवाशाकडे तोंड केलेला पडदा नसेल किंवा बंद असेल, तर त्याला तिकीट छापून हातात आल्यावरच कळते. तारीख चुकली असेल तर तोवर गाडी भरलेली असते.

वसई-विरारचे प्रवासी या निवेदनाद्वारे मागणी करतात ती याच पडद्याविषयी.

या पडद्यामागची यंत्रणा अशी : रेल्वेची प्रवासी आरक्षण प्रणाली १९८५ साली नवी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. क्रिस या रेल्वेच्या संस्थेने घडवलेल्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली. या प्रणालीचा गाभा ओपन-व्हीएमएसवर चालणाऱ्या होस्ट संगणकांत आहे, आणि खिडकीवरचे यंत्र त्याच्याशी जुन्या व्हीटी टर्मिनलच्या भाषेत बोलते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली काढलेल्या व्हीटी-१०० वर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत. पुढे तेच काम साध्या संगणकावरचा प्रोग्रॅम करू लागला. त्यालाच टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. होस्टला वाटते, पलीकडे अजून ते जुने टर्मिनलच आहे.

हे जुनेपण वाईट नाही. माऊस न धरता, केवळ फंक्शन-की आणि पाठ झालेल्या संकेतांवर तिकीट काढण्याचा वेग कर्मचाऱ्याच्या याच जुन्या पडद्याने दिला, म्हणून सुधारणेच्या नावाखाली कर्मचाऱ्याच्या हातून हा कळफलक काढून घेऊ नये, अशी प्रवाशांची आग्रहाची विनंती आहे. बदल हवा तो इम्युलेटरमध्ये, आणि तो होस्टला हात न लावता करता येतो.

पहिली मागणी देवनागरीची. वसईत घोन्साल्विस, डाबरे, म्हात्रे, वर्तक अशी आडनावे शेजारी शेजारी नांदतात. अर्ज मराठीत भरला तरी नाव रोमन अक्षरांत टंकले जाते, आणि प्रवासात ते ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. टंकलेले नाव त्याच क्षणी देवनागरीतही दिसले, तर रांगेतली आजीसुद्धा चूक सांगू शकेल. अडचण तांत्रिक आहे, हे प्रवासी जाणतात : व्हीटीचा पडदा चौकटीचौकटींचा, एका चौकटीत एक अक्षर. मात्रा, वेलांटी, जोडाक्षर त्यात नीट बसत नाही. पण यावर महाराष्ट्रातच तोडगा निघालेला आहे. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाची टर्मिनले तयार केली. होस्टला ती व्हीटीसारखीच वाटत आणि पडद्यावर मात्र भारतीय लिप्या उमटत. १९९१ साली त्यासाठी ‘इस्की’ हे भारतीय मानकही ठरले. त्या काळी जे खास कार्ड बसवून साधले, ते आज युनिकोडमुळे साध्या प्रोग्रॅममध्ये जमण्यासारखे आहे. राज्यातल्या संस्थेने केलेले हे काम राज्यातल्याच प्रवाशाच्या उपयोगी पडावे, याहून रास्त मागणी कोणती?

दुसरी मागणी छपाईची. व्हीटी टर्मिनलला होस्टकडून आलेला मजकूर थेट जोडलेल्या प्रिंटरकडे पाठवण्याची सोय आहे. तो मजकूर क्षणभर अडवून, गाडी, तारीख, चढण्याचे स्थानक व नावे प्रवाशाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावीत. चूक व्यवहार पक्का होण्याआधीच दुरुस्त व्हावी, म्हणून हीच माहिती होस्टला अंतिम होकार देण्यापूर्वीही दिसावी. ज्याला वाचता येत नाही, त्याला कर्मचाऱ्याने वाचून दाखवावे.

लाइन तुटल्यावर काय होते, हाही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ओपन-व्हीएमएसमध्ये तुटलेल्या सत्राला पुन्हा जोडून घेण्याची ‘व्हर्च्युअल टर्मिनल’ नावाची सोय आहे. इम्युलेटरने आपणहून पुन्हा जोडणी करावी आणि अर्धवट राहिलेल्या अर्जाची स्थिती कर्मचाऱ्याला स्पष्ट दाखवावी : तिकीट झाले की नाही, जागा धरली आहे की सुटली. सकाळी ८ वाजता या अनिश्चिततेत गेलेली दोन मिनिटे रांगेच्या पुढच्या टोकाला उभ्या माणसालाही प्रतीक्षायादीत नेऊन टाकतात.

शिवाय, खिडकीवरच्या तत्काळ तिकिटासाठी मोबाइलवर येणारा ओटीपी द्यावा लागतो. नावाबरोबर मोबाइल क्रमांकही आता त्याच तारेतून जातो. जुन्या टेलनेट पद्धतीत मजकूर उघडा प्रवास करतो, म्हणून जिथे ती अजून वापरात असेल तिथे एसएसएचसारखी कूटबद्ध जोडणी सक्तीची करावी.

रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये नव्या आरक्षण प्रणालीची घोषणा केली : मिनिटाला ३२,००० ऐवजी दीड लाखाहून अधिक तिकिटांची क्षमता, आणि बहुभाषिक मांडणी. प्रवासी तिचे मनापासून स्वागत करतात. मात्र ही बहुभाषिकता मोबाइलपुरती राहू नये. स्मार्टफोन न वापरणारा, रोख पैसे मोजून तिकीट काढणारा मासळीवाला, शेतकरी, निवृत्त माणूस खिडकीवरच येतो.

तरी पुढील गणपती आरक्षणापूर्वी वसई रोड स्थानकातील एका खिडकीवर असा सुधारित प्रोग्रॅम प्रायोगिक तत्त्वावर बसवावा, त्याच्या चाचणीत खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे, आणि निष्कर्ष स्थानकाच्या सूचनाफलकावर मराठीत लावावेत, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
वसई-विरार परिसरातील रेल्वे प्रवासी

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : क्रिस, नवी दिल्ली.