तिचं नाव पद्मिनी होतं

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात एक फियाट निघते. लेखक वेगळा, गाडी तीच. रंग फिकट निळा नाहीतर दुधी, नंबर अजून तोंडपाठ. पुढची सलग सीट, तिच्यावर बाबा आणि आई आणि मध्ये धाकटं भावंड. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, सकाळी ओढायचा चोक, खंडाळ्याच्या घाटात तापून बंद पडणं आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसणं. (पंप म्हणजे बॉनेटखालचा. रस्त्यावरच्या पंपावर कुणी फडकं टाकत नसे.) मग चिक्की, मग धुकं, मग गाडी विकली त्या दिवशी आजीच्या डोळ्यांत आलेलं पाणी.

यातलं काहीही खोटं नाही. मलाही असे लेख वाचायला आवडतात, चोकपर्यंत तरी. माझं भांडण शेवटच्या परिच्छेदाशी आहे. तिथे हमखास एक वाक्य येतं: तेव्हा गरजा कमी होत्या, माणसं साधी होती, आणि मध्यमवर्गीय घरात एकदा गाडी आली की वीस वर्षं नांदायची. हे वाक्य इतक्या सवयीने लिहिलं जातं की ते तपासायचं असतं हेच कुणाला सुचत नाही.

सुरुवात 'मध्यमवर्गीय घरा'पासून करू. १९६४ साली लालबहादूर शास्त्रींच्या घरच्यांनी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत १२,००० रुपये, हाताशी ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले आणि कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट सचोटीचा धडा म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण शास्त्री तेव्हा पंतप्रधान होते. पंतप्रधानाला जी गाडी रोखीने घेता येत नव्हती, ती चाळीतल्या, बँकेतल्या, शाळेतल्या मध्यमवर्गाची गाडी कशी काय झाली?

मग मुंबई-पुण्यात त्या काळी ज्या घरांसमोर फियाट उभ्या दिसायच्या त्या कुणाच्या होत्या? डॉक्टरांच्या होत्या, वकिलांच्या होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या. आणि फार मोठ्या संख्येने कंपन्यांच्या होत्या. १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. साहेबाचा पगार वाढवून त्याच्या हाती काही पडत नसे. त्यामुळे कंपनी पगाराऐवजी फ्लॅट देई, गाडी देई, ड्रायव्हर देई, पेट्रोल देई. सरकारी साहेबाची अॅम्बॅसेडर, खासगी कंपनीच्या साहेबाची फियाट, अशी मुंबईत साधारण वाटणी होती. कारखाना कुर्ल्यातच होता हेही एक कारण. शनिवारी हीच गाडी लोणावळ्याला जाई. म्हणजे आठवणींच्या लेखांत जी घरची गाडी म्हणून येते, ती अनेकदा आरसी बुकावर कंपनीची असे. तिचा खर्च भागधारक करत आणि थोडा सरकारी तिजोरी करे. यात बेकायदा काही नव्हतं. फक्त त्याला साधी राहणी म्हणू नये.

आमच्याकडे फियाट नव्हती. वडील जिथे कारकून होते त्या कंपनीच्या साहेबांकडे होती. गणपतीत साहेब आमच्याकडे दर्शनाला येत, आणि ते आत चहा घेईपर्यंत ड्रायव्हरकाका आम्हां पोरांना कॉलनीभोवती एक फेरी मारून आणत. त्या फेरीची ऐट मी शाळेत आठवडाभर मिरवत असे. तेव्हा मलाही ती गाडी आवडायची, कुणाचा हेवा म्हणून हे लिहीत नाही. पण साहेबांच्या मुलाने उद्या 'आमची फियाट' असा लेख लिहिला, तर त्या काकांचं आडनाव त्याला आठवेल का, याची मला शंका आहे. मला आठवत नाही. आम्ही वर्षातून एकदाच बसायचो. तो रोज बसायचा.

आता 'गरजा कमी होत्या'. गरजा कमी नव्हत्या, गाड्या कमी होत्या. साठ-सत्तरच्या दशकांत देशात फियाट, अॅम्बॅसेडर आणि स्टँडर्ड हेरल्ड अशा तीनच मोटारी होत्या. कुणी किती बनवायच्या हे परवाना ठरवी, कितीला विकायच्या हे सरकार ठरवी, आणि नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहणं हे गिऱ्हाइकाच्या नशिबी. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती. ज्याच्याकडे ओळख होती किंवा वरचे पैसे होते त्याची रांग लवकर सरकायची. लेखांतली ती साधी माणसं या बाजारात पुरेशी तरबेज होती.

आणि त्यांच्या समाधानाची परीक्षाही झालीच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि वीस वर्षं ज्या गाडीवर जीव होता तिला सोडून लोक नव्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यात चूक काय? चांगली गाडी आली, लोकांनी ती घेतली. पण पहिल्या संधीला सोडलेल्या गाडीवर चाळीस वर्षांनी निष्ठेची शपथ घ्यायची म्हणजे जरा जास्त होतं.

'वीस वर्षं नांदायची' हा भाग खरा आहे, आणि तोच सगळ्यात फसवा. इटलीत हे ११०० मॉडेल १९५३ साली आलं. आपल्याकडे त्याच सुमाराच्या, मागे बिजागरी असलेल्या पुढच्या दारांच्या गाडीला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १९६४ पासून डिलाइट आली. मागच्या बाजूला छोटे पंख असलेली, जी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती. इटलीने ११०० बनवणं १९६९ मध्ये थांबवलं. आपण तोच सांगाडा, तेच १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना तेच ड्रम ब्रेक घेऊन जवळजवळ २००० सालापर्यंत चाललो. मध्ये दिवे बदलले, जाळी बदलली, शेवटी डिझेलही आलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशी मोटारींच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दर्जा तपासायला सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हा गाडी टिकायची ती कारखान्यातून टिकाऊ निघायची म्हणून नव्हे. दुसरी मिळणार नव्हती, म्हणून तिला कुणीतरी टिकवत असे.

ते कुणीतरी म्हणजे गॅरेजवाला आणि त्याच्याकडची पोरं. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, कार्बोरेटर खोलून फुंकर मारणं, टॅपेट लावणं, सडलेला पत्रा कापून नवा जोडणं, मग डेंटिंग-पेंटिंग. फियाटची गंमत अशी की तिला बारा-तेरा वर्षांचा पोरगाही हाताळायला शिकू शकत असे, आणि म्हणूनच तिच्याखाली बारा-तेरा वर्षांचे पोरगे असत. टाकीतून पेट्रोल काढायचं तर तोंडाने नळी ओढायची. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभर ते बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे फियाटच्या अखेरीलाच. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं झाकण आणि त्याखाली कुणालाच न कळणारं काहीतरी, ही तक्रार मला मान्य आहे. खोलता येणारं यंत्र ही चांगली गोष्ट होती. पण ज्याच्या हातांनी ते खोललं जाई त्याला लेखात 'आमचा तो गॅरेजवाला, जादूगारच' अशा एका ओळीत उरकायचं आणि पुढची दोन पानं सीटकव्हरवर लिहायची, हा हिशोब मला पटत नाही.

आणि कुर्ला. या सगळ्या लेखांत इटली असते, ट्युरिन असतं, कुर्ला नसतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवात क्रायस्लरच्या मदतीने डॉज-प्लिमथ जोडण्यापासून, मग फियाटशी करार. पुढे तो करार संपला आणि इटालियन नाव गेलं. आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणीच्या नावाने. म्हणजे ज्या गाडीला आपण आयुष्यभर फियाट म्हणालो, तिच्यावर पाव शतक फियाट हे नाव नव्हतं. ती कुर्ल्याची गाडी होती. कुर्ल्यात ओतलेली, ठोकलेली, रंगवलेली. राणीचं नाव देऊनही आपण तिला परदेशीच ठेवलं, कारण 'आमच्याकडे फियाट होती' यात जी ऐट आहे ती 'आमच्याकडे कुर्ल्याची पद्मिनी होती' यात नाही.

कारखाना ज्या आग्रा रोडवर होता त्या रस्त्याला नंतर शास्त्रींचं नाव मिळालं. लालबहादूर शास्त्री मार्ग. त्यांची कर्जाऊ फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे; ती गाडी आली तो कारखाना मात्र आज नाही. मुंबईच्या कामगार चळवळीचं बोलायचं तर आपल्याला १९८२ चा गिरणी संप आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण कुर्ला ते ठाणे या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कामगाराची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. प्रीमियरच्या मोटार उत्पादन विभागातल्या प्रोत्साहन योजनेवरून एक वाद सुरू झाला, दोन युनियन, एक करार, आणि तो करार मान्य नसलेले काही कामगार. ते दिवाणी कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७५ साली निकाल लागला की असा वाद दिवाणी कोर्टाने ऐकायचा नाही, औद्योगिक विवाद कायद्याच्या वाटेने जायचं. कायद्याची पोरं हा निकाल आजही शिकतात. देशभरच्या कामगारांना कुठलं दार ठोठवायचं हे ज्या खटल्याने सांगितलं तो आपल्या लाडक्या गाडीच्या कारखान्यातून निघाला, हे फियाटवरच्या एकाही लेखात मी वाचलेलं नाही. सीटकव्हर आठ वेळा वाचलं.

परवान्याच्या भिंतीआड दोन पिढ्या विकत राहिलेल्या कंपनीला भिंत पडल्यावर उभं राहता आलं नाही. ११८ एनई आली, कल्याणला पूझो आली, मग पुन्हा फियाटशी हातमिळवणी करून युनो. काहीच टिकलं नाही. कुर्ल्याच्या जमिनीची किंमत तिथे बनणाऱ्या मोटारींपेक्षा केव्हाच जास्त झाली होती. आता त्या भागात उंच इमारती आहेत आणि त्यांच्या तळघरांत प्रत्येक फ्लॅटमागे पार्किंग.

कारखाना संपला तेव्हा शोक झाला नाही. शोक झाला टॅक्सीचा. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली, लोकांनी मोबाइलवर फोटो टाकले, ताज आणि गेटवेच्या पार्श्वभूमीवर. त्या टॅक्सीत चालकाच्या पायाशी इंजिनाची धग येई. पॉवर स्टीअरिंग नाही, एसी नाही, मेच्या दुपारी डोक्यावर तापलेला पत्रा. अनेकांची गाडी स्वतःची नसे; दिवसाचा एक, रात्रीचा एक, आणि मालकाला ठरलेली रक्कम. बदली गाडी मिळाली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना हायसंच वाटलं असणार. उत्तर भारतातून आलेल्या त्या माणसाला पद्मिनी गेल्याचं काय वाटलं, हे विचारायला गेलेल्यांनी बहुधा त्याच्या तोंडी आपलंच वाक्य घातलं.

तेव्हा पुढच्या दिवाळीला ज्याला फियाटवर लिहायचं आहे त्याने खुशाल लिहावं. फक्त लोणावळ्याऐवजी यंदा कल्याण, डोंबिवली, बदलापूर, नाहीतर चिपळूण-संगमेश्वरकडे जावं. सत्तरच्या दशकात कुर्ल्याच्या लाइनवर लागलेली माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. दिवसाला किती गाड्या निघायच्या, रंगखात्यात तोंडाला काय बांधायचे, प्रोत्साहन भत्ता कसा मोजायचे, शेवटचा पगार कुठल्या महिन्याचा मिळाला, किती मिळाले आणि किती राहिले, हे त्यांना विचारावं. आणि एवढ्या गाड्या बनवल्यावर आयुष्यात स्वतः किती वेळा पद्मिनीत बसलात, हेही. टॅक्सी धरायची, लग्नाची भाड्याची धरायची नाही.