वस्तरा खालीं ठेवणारे तत्त्वज्ञ

तत्त्वज्ञान हा शब्द काढला कीं आमचा शेतकरी बांधव हात जोडतो आणि म्हणतो, "गुरुजी, तें शिकलेल्यांचें काम. आम्हांला रात्रीं वीज आली कीं मोटार चालू करायची आहे." यांत त्याचा दोष थोडा. पिढ्यान्‌पिढ्या त्याला हेंच शिकविलें गेलें कीं, तत्त्वज्ञान म्हणजे ब्रह्म खरें कीं माया खरी याचा काथ्याकूट, आणि तो चालू राहावा म्हणून दाणागोटा पुरविणें एवढेंच कुणब्याचें काम. आम्ही या समजुतीच्या उलट आहों. माणसानें माणसाशीं कसें वागावें याचा विचार करून, त्याप्रमाणें वागून दाखविणें, यालाच आम्ही तत्त्वज्ञान म्हणतों. आणि तें आमच्या कारूनारूंनीं पूर्वीं करून दाखविलें आहे.

दाखला देतों. १८९० सालीं मुंबईंत न्हावी बांधवांची सभा भरली. त्या काळीं वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत, विशेषतः ब्राह्मणांत, नवरा मेला कीं बाईचें डोकें भादरीत. मग ती साठीची म्हातारी असो कीं बारा वर्षांची पोर असो. शास्त्री शास्त्र सांगे, घरचे वडील तिला धरून बसवीत; पण वस्तरा त्यांच्यापैकीं कोणाच्याच हातांत नव्हता. तो न्हाव्याच्या हातांत होता. सभेंत ठरलें कीं, हें काम यापुढें आपल्या हातून होणार नाहीं. ‘दीनबंधु’चे संपादक व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यांत पुढाकार होता आणि जोतीराव फुल्यांची शिकवण पाठीशीं होती.

हातावर पोट असलेला माणूस आलेलें गिऱ्हाईक परत पाठवितो तेव्हां त्याला काय सोसावें लागतें, हें ज्याच्या घरीं बलुत्याची पेंढी एकदां तरी चुकली आहे त्यालाच कळेल. आणि हें सोसलें कोणासाठीं? स्वतःच्या जातीच्या बायकांसाठीं नव्हे. ज्या घरचे लोक न्हाव्याचा हात लागला म्हणून अंघोळ करीत, त्याच घरच्या लेकींसाठीं! आमच्या चळवळीला ब्राह्मणद्वेष्टी म्हणणारांनीं हा दाखला एकदां निवांतपणें वाचावा.

जोतीरावांचें तत्त्वज्ञान असेंच हातापायांनीं चालणारें होतें. १८६३ सालीं त्यांनीं पुण्यांत आपल्या घरीं विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं व सावित्रीबाईंनीं दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर यशवंत. १८६८ सालीं घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला भटावांचून लग्न लागलें. निर्मिक व माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें लोकांनीं आधीं मांडवांत पाहिलें. पुढें १८८८ सालीं पक्षाघातानें जोतीरावांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलें. तें छापून निघालें १८९१ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर. म्हणजे आधीं हौद, मग मांडव, आणि धर्मविचाराचा मोठा ग्रंथ सर्वांत शेवटीं. आज आमच्यांतील पुष्कळांचा क्रम उलटा आहे. ग्रंथाची मिरवणूक निघते, तसबिरीला हार पडतो, आणि हौदाची गोष्ट काढली कीं जो तो घड्याळ पाहतो.

आतां आपल्या घराकडे पाहूं. केशवपन गेलें. पण शेतकऱ्याच्या घरीं नवरा मेला कीं बाईच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, जोडवीं काढणें, मंगळसूत्र तोडणें हें अजून जागोजाग चालतें. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून हे प्रकार बंद केले. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींही हा कित्ता गिरवावा असें सांगितलें. हेरवाडकरांचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. तथापि परिपत्रक कोणाचा हात धरीत नाहीं. तो धरणारें माणूस त्या घरीं, त्या वेळीं हजर असावें लागतें.

बांगड्या फोडणारा हात कोणाचा असतो? शास्त्र्याचा नसतो. भावकींतल्या एखाद्या वडील बाईचा असतो, आणि बहुधा ती स्वतः विधवा असते. तिच्या बांगड्या अशाच कोणी फोडलेल्या असतात. १८९० सालीं जो प्रश्न न्हाव्यापुढें होता तोच आज या बाईपुढें आहे. तिनें एकदां हात मागें घेतला तर तिच्यावर कोणता खटला होणार आहे? कासार बांधवांनाही आमचें सांगणें आहे: अशा घरीं बोलावण्याची वाट न पाहतां जा, आणि ती बाई हात पुढें करील तर बांगड्या भरा. ती नको म्हणाली तर मुकाट्यानें परत या. कुंकू लावलेंच पाहिजे ही सक्तीही आम्हांस नको. लावायचें कीं नाहीं हें तिनें ठरवावें, गांवानें नव्हे.

राजकारणाचा येथें काय संबंध, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांत २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखून आहेत. विधवा सरपंचबाईच्या हातून झेंडा चढलेला चालतो, पण पुतणीच्या हळदीला तिचा हात चालत नाहीं. असें घर शोधायला फार लांब जावें लागत नाहीं. बाईनें सही करायची आणि कारभार नवऱ्यानें अगर दिरानें करायचा, हा प्रकार त्याच झाडाचें फळ. म्हणून मत मागायला येईल त्याला रस्ता, पाणी, कर्जमाफी यांबरोबर एवढेंही विचारावें कीं, "साहेब, आपल्या घरीं मागच्या खेपेस मयत झालें तेव्हां काय केलें?" फुले-शाहू-आंबेडकर हीं तीन नांवें एका दमांत घेणाऱ्याला तर अवश्य विचारावें. उत्तर देतांना तो कोणाकडे पाहतो तेंही पाहावें.

ग्रामसभा वर्षांतून चार तरी भरवाव्या लागतात. पुढच्या सभेंत हेरवाडसारखा ठराव मांडा. पण ज्या गांवांत मयत होईल त्या घरीं दहाव्याच्या आधीं जाऊन त्या बाईजवळ कोण बसणार, तीं पांच बायकांचीं नांवें त्याच सभेंत लिहून घ्या. पांच नांवें मिळालीं नाहींत तर ठराव तहकूब ठेवा आणि आधीं घरोघर फिरा. मिळालीं, तर आम्हांस गांवाच्या नांवासह कळवा. आम्ही पहिल्या पानावर छापूं.