फुटरेस्ट बदलण्याआधी

कल्याण-बदलापूर रस्त्यावर मोटारसायकलला वेग सापडतोच कुठे! सतरा सेक्शन, श्रीराम चौक, अंबरनाथचा मटका चौक, पुढे चिखलोली. दर थोड्या अंतरावर क्लच दाबा, गिअर पाडा, मागचा ब्रेक लावा आणि पुन्हा निघा. घोट्याला आणि डाव्या मनगटाला एवढं काम मोकळ्या हायवेवर पडत नाही. म्हणून गाडी अंगाला बसते की नाही, हा प्रश्न लडाखला निघालेल्यापेक्षा रोज बदलापुराहून आनंदनगर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याचा जास्त आहे. तरी गुडघा धरला, कंबर भरली की अनेकांची पावलं ॲक्सेसरीच्या दुकानाकडे वळतात. तिथे मागे सरकवलेले फुटरेस्ट आणि बुटकं हँडल मिळतं, आणि दुखणं वाढतं. माझं ठाम मत असं, की या रस्त्याला साध्या गाडीचे मधले फुटरेस्टच बरे. हात घालायचा तो लिव्हर आणि पॅडलच्या कोनाला.

कारण सरळ आहे. फुटरेस्ट मागे आणि वर गेले की गुडघा जास्त दुमडतो, धड पुढे कलतं आणि त्याचा भार मनगटांवर येतो. फार पुढे गेले की सगळं वजन माकडहाडावर, आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. पाय जवळपास शरीराच्या खाली असले, तरच खड्डा दिसताक्षणी फुटरेस्टवर भार देऊन सीटवरून किंचित उठता येतं आणि दणका गुडघे झेलतात. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा चुकवता येत नाही, तेव्हा याचा उपयोग कळतो. लेगगार्डवर पाय टाकून चालवणाऱ्यांना तर कळकळीने सांगावंसं वाटतं: ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते आणि तुमचा पाय ब्रेकवर नसतो.

आता पान्याचं काम. गिअरचा लिव्हर दातेरी दांड्यावर बसवलेला असतो. बोल्ट काढून तो एक दात वर किंवा खाली बसवला, की जाड सेफ्टी शूज घालणाऱ्याचा पंजा त्याखाली सहज जातो. काही गाड्यांत मधे सळई असते. तिथे तिचे नट सैल करून तेच साधतं. ब्रेक पॅडल वर राहिलं तर पाय नकळत त्यावर टेकून राहतो, लायनर झिजतात, मागचा लाल दिवा विनाकारण पेटलेला राहतो आणि खरा ब्रेक लागला तरी मागच्याला समजत नाही. बऱ्याच गाड्यांना पॅडलची उंची ठरवणारा बोल्ट असतो. तो फिरवल्यावर ब्रेकचा फ्री प्ले आणि दिव्याचा स्विच पुन्हा जुळवलाच पाहिजे. घाईत नेमकं हेच राहून जातं. क्लचचा लिव्हर एवढा खाली वळवावा, की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यावा.

कंपनीने विचार करूनच दिलंय, मग हात कशाला लावायचा, असं काहीजण म्हणतात. पण पाच फुटी आणि सहा फुटी, दोघांना एकच गाडी विकली जाते. म्हणून तर हे बोल्ट सैल होण्याजोगे ठेवलेले आहेत. वळणावर मागे सरकवलेले फुटरेस्ट जमिनीला घासत नाहीत, हा दुसरा मुद्दा खरा आहे, पण तो रेसच्या ट्रॅकवर. शांतीनगरच्या गर्दीत गाडी तेवढी कलतच नाही. सवय होईल म्हणावं, तर बोटं बधिर होणं ही सवय नव्हे, नस दाबली जात असल्याची खूण असू शकते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. कोन जुळवणं त्यात येत नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी सोडून चहाला जाऊ नका. रोजचेच बूट घालून सीटवर बसा आणि मेकॅनिकला तुमचा पाय बघूनच बोल्ट आवळायला सांगा.