बालवीरांच्या पथकांत फावडें कोणाच्या हातीं?

बालवीरांची चळवळ, जिला आज सर्वजण स्काउट म्हणून ओळखतात, ती खेड्यापाड्यांच्या शाळांतूनही आतां शिरली आहे. गळ्यांत रुमाल, हातांत काठी, आणि शिट्टी वाजतांच धांवत येऊन रांगेंत उभीं राहणारीं पोरें पाहिलीं म्हणजे कोणाही रयतेच्या माणसास बरें वाटावें. आम्हांसही वाटतें. पण आमची एक जुनी खोड आहे. शिबिरास गेलों कीं आम्ही संचलन पाहण्यास फारसे थांबत नाहीं. सरळ चुलीकडे जातों, आणि तेथून शौचाच्या चरांकडे. कणीक कोण मळतो, पाणी कोण वाहतो, आणि फावडें कोणाच्या हातीं आहे, एवढें पाहिलें म्हणजे त्या पथकाची परीक्षा आमच्यापुरती झाली.

एका शिबिरांत आम्हीं असें पाहिलें कीं, कणकेच्या परातीशीं ठराविक घरांतलीं मुलें बसलीं आहेत आणि पलीकडे चर खणण्यास ठराविक तीनच मुलें जुंपलीं आहेत. मास्तरांना विचारलें, तेव्हां ते सहज म्हणाले, "अहो, त्यांना सवय आहे. शिवाय तीं आपण होऊनच पुढें येतात." मास्तर भले गृहस्थ. कोणाला शिवी दिली नाहीं, कोणावर हात उगारला नाहीं. बहुजन समाजांतलेच, फुले-शाहूंचीं नांवें भाषणांत घेणारे. आम्हांस राग आला तो येथेंच. भटजींस नांवें ठेवण्यास काय लागतें? आपल्याच पथकांतलें फावडें एका हातांतून दुसऱ्या हातांत देतांना मात्र आमच्या सुधारकांचें मनगट लचकतें. आणि तीं तीन पोरें "आपण होऊन" पुढें कां येतात, हें मास्तरांनीं त्यांच्या आईबापांस विचारावें. पुढें न आल्यास काय होतें, हें तीं घरून शिकून आलेलीं असतात.

ही चळवळ काढली बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें. साम्राज्याचा तो शिपाई. त्याला ओंवाळीत बसण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउन्सी बेटावर त्यानें पहिलें शिबिर भरविलें, तेव्हां जीं सुमारें वीस मुलें नेलीं तीं मुद्दाम दोन थरांतलीं होतीं: कांहीं श्रीमंतांच्या शाळांतलीं, कांहीं कामकरी लोकांच्या घरचीं. त्यांच्या दोन पंगती न करितां त्यानें प्रत्येक टोळींत दोन्ही थर मिसळले. इंग्लंडांतला वर्गभेद म्हणजे आमचा जातिभेद नव्हे, पण युक्ति घेण्यासारखी आहे. पुढें १९०९ सालीं हें बीज हिंदुस्थानांत आलें, तें मात्र गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेंच. काळ्या पोरांस दार बंद. म्हणून १९१६ सालीं ॲनी बेझंट यांनीं हिंदी मुलांसाठीं निराळी संस्था काढली. मालवीय, कुंझरू व वाजपेयी यांनीं सेवा समितीचीं पथकें उभारलीं. आणि स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं या संस्था एक होऊन भारत स्काउट्स व गाईड्स ही संस्था झाली. ज्या घराच्या उंबरठ्यावर आपलीं पोरें एकदां अडविलीं गेलीं, त्या घरांत शिरल्यावर आपणच दुसऱ्याच्या पोरास मोरीपाशीं बसवावें, ही कोणती शिकवण?

तेव्हां पथकप्रमुखांस आमचें पहिलें सांगणें पाळीच्या तक्त्याविषयीं आहे. चोवीस मुलें असलीं तर सहा-सहांच्या चार टोळ्या करा, आणि त्या आळीप्रमाणें किंवा मैत्रीप्रमाणें न करितां मिसळून करा. शिबिराचीं कामें चार: चूल, पाणी व सरपण, भांडीं व झाडलोट, आणि चर. रोज एक काम एका टोळीकडे. चार दिवसांत चारही कामें प्रत्येकीच्या हातांखालून गेलींच पाहिजेत. दोनच दिवसांचें शिबिर असेल तर पाळी अर्ध्या दिवसाची करा. तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्याच सायंकाळीं झाडाला टांगा. पण एवढ्यानें भागत नाहीं. टोळीकडे भांडीं आलीं म्हणजे टोळींतला एकच पोर राखेंत हात घालून बसतो आणि बाकीचे पांच गप्पा मारतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून टोळीच्या आंतही नांवनिशीवार पाळी लावा. आणि पाळीची अदलाबदल मुळींच चालूं देऊं नका. पोरें एका लाडवावर आपली पाळी विकतात, व विकत घेणारा नेहमीं तोच गरीब असतो.

चराचें काम निघेल त्या दिवशीं पहिलें फावडें मास्तरांनीं मारावें. भाषण नको. धोतर वा पाटलोण वर खोंचावी आणि खणावें. चर विहिरीपासून वा ओढ्यापासून निदान शंभर पावलें दूर, उताराच्या बाजूस. खोली दोन फूट. काढलेली माती शेजारींच रचून ठेवावी आणि प्रत्येकानें उठतांना ती वर टाकावी. शिबिर मोडण्यापूर्वीं चर बुजवावा, तोही पाळीनेंच.

चुलीविषयीं पालकांकडून तक्रार येईल, अजूनही येते. ती शिबिराच्या ठिकाणीं येऊं देऊं नये. आधींच पालकांस बोलावून स्पष्ट सांगावें कीं, चूल एक, पंगत एक, पाण्याचा हंडा एक. ज्यांस हें चालत नसेल त्यांनीं मुलगा पाठवूं नये. सर्वांस चालेल असें शाकाहारी अन्न शिजवावें, ही सोय झाली. पण कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या नाहीं, याची सोय करीत बसूं नये. हें होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं साताऱ्याकडे पाहावें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं तेथें वसतिगृह काढलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राबून एकत्र जेवलीं. तेव्हांचे पालक आजच्यांहून कांहीं सौम्य नव्हते.

टोळीनायक हा सरपंचाचा किंवा मुख्याध्यापकाचा मुलगा असावा असा नियम कोठेंही नाहीं; तरी तो तसाच कसा निघतो कोण जाणे! मुलांनाच निवडूं द्यावा आणि वर्षानें बदलावा. मास्तरांनीं गांठ शिकवावी ती नायकांस. नायकांनीं आपल्या टोळीस. नायकांची आठवड्यास एक बैठक भरवावी आणि तींत मास्तरांनीं तोंड मिटून बसावें. हें शेवटचें काम फार जड आहे, आम्हांस ठाऊक आहे. पण तंबूची दोरी चुकीची बांधली गेली आणि तंबू एकदां कोसळला तर कोसळूं द्यावा. दुसऱ्या वेळीं गांठ पक्की बसते.

गणवेशापायीं एकही मूल घरीं परत पाठवूं नये. प्रथम रुमाल पुरे आहे. मोठ्या मुलांचे आंखूड झालेले सदरे धुऊन शाळेच्या पेटींत ठेवावे आणि कोणास कोणता दिला याची वाच्यता करूं नये. तसेंच 'खरी कमाई'चें. मुलानें श्रम करून चार पैसे मिळवावे ही चाल उत्तम. पण दुकानदाराच्या मुलानें एक दिवस मोटार धुतली तर त्याचें कौतुक, आणि जो पोर दर बाजारीं आईबरोबर भाजी विकतो त्याची वहींत नोंद नाहीं, असें कां? त्याची नोंद सर्वांत आधीं व्हावी.

शिबिराच्या आरंभीं सत्यनारायण घालण्याची टूम कांहीं ठिकाणीं निघाली आहे. त्या दक्षिणेंत औषधाची पेटी येते, ती घ्यावी. वचन घेतांना ईश्वराऐवजीं धर्म हा शब्द घेण्याची मुभा खुद्द संस्थेच्या नियमांत आहे, हेंही मुलांस सांगावें.

तारखांचा विचार तर कोणी करीतच नाहीं. शिबिरें भरतात डिसेंबर-जानेवारींत. बीड-नगरकडचीं ऊसतोड्यांचीं मुलें तेव्हां आईबापांबरोबर कारखान्याच्या फडांत असतात. पाऊस ओसरल्यावर, टोळ्या गांव सोडण्यापूर्वीं एक शिबिर भरविलें तर तीं पोरेंही येतील.

आतां जिवाच्या गोष्टी. पट्टीचा पोहणारा प्रौढ माणूस आणि हाताशीं दोर असल्यावांचून एकाही मुलास विहिरींत वा नदींत उतरूं देऊं नये. मुलें दर दहा मिनिटांनीं मोजावीं. साप चावल्यास मांत्रिक नको, चिरणें नको, चोखणें नको, घट्ट आंवळणेंही नको. हात वा पाय हलूं न देतां, धीर देऊन, जेथें प्रतिविष मिळतें त्या दवाखान्यांत तांतडीनें न्यावें. तो दवाखाना कोणता व वाहन कोणाचें, हें निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें. आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवतां लिहितों. कोणीही प्रौढ माणसानें एकट्या मुलाबरोबर एकांतांत राहूं नये. नेहमीं दोन प्रौढ असावे, निजण्याच्या जागा वेगळ्या असाव्या, मुलींच्या पथकाबरोबर स्त्रिया असल्याच पाहिजेत. मुलानें कांहीं सांगितलें तर "मास्तर भले आहेत" म्हणून त्याला गप्प बसवूं नये. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें असली खबर पोलिसांस न देणें हाही गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तक्त्याशेजारींच टांगावा. शाळेचें नांव जाईल ही भीति ज्यांस मुलापेक्षां मोठी वाटते, त्यांनीं शिट्टी खालीं ठेवावी.

ज्या पथकांत चर, चूल आणि भांडीं सर्व जातींच्या मुलांत पाळीनें फिरलीं आहेत, त्यांच्या प्रमुखांनीं आपला तक्ता आमच्याकडे पाठवावा. जागेची अडचण पडली तर आम्ही एक जाहिरात कमी घेऊं, पण तक्ता छापूं.