बांधावरचं गवत राखा, लाल मनोली राहील

श्रावणात ओढ्याकाठच्या उंच गवतात एखादं पातं वारा नसतानाही वाकलेलं दिसतं. टोकाला लाल मनोलीचा नर बसलेला असतो. अंग कुंकवासारखं लाल, त्यावर तांदळाच्या कण्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके. वजन जेमतेम 10 ग्रॅम. हिंदीत हीच लाल मुनिया.

हा रंग बारमाही नसतो. विणीचा हंगाम सरला की नर मादीसारखाच मातकट होतो. लाल चोच आणि शेपटीच्या मुळाशी लाल झाक तेवढी उरते. आपल्याकडचे अनेक पक्षी उन्हाळ्यात घरटी करतात, मनोली मात्र पावसासाठी थांबते. तिचं पोट गवताच्या बियांवर चालतं आणि बिया पावसानंतरच धरतात. घरटंही गवताचंच: बाजूला दार असलेला गोल गोळा, आत पिसांचं अस्तर, गवताच्या बुडख्यात किंवा झुडपात जमिनीलगत दडवलेला.

देखणेपणच तिला भोवलं. पूर्वी अहमदाबादेतून या मनोल्या पिंजऱ्यांत भरून परदेशी जात. त्या शहराचं नाव तिला असं चिकटलं, की 1758 साली निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने शास्त्रीय नावातही त्याचाच अपभ्रंश घेतला: अमंडावा. स्पेनपासून फिजीपर्यंत पिंजऱ्यातून सुटलेल्या मनोल्यांचे वंशज आज मोकळे उडतात. आणि तिच्या मायदेशात? देशी पक्षी पकडणं आणि विकणं इथे कायद्याने गुन्हा आहे, तरी मनोल्यांची चोरटी विक्री थांबलेली नाही. साध्या मनोल्यांना रंग फासूनही विकतात. हे क्रौर्य आहे. घेणाराही त्यात सामील असतो.

पण पिंजरे उद्या रिकामे झाले, तरी त्या पाखरांनी जायचं कुठे? सरकारी दफ्तरात गवताळ माळ ‘पडीक’ ठरतो. मग तिथे प्लॉट पडतात, नाहीतर मोठ्या उत्साहाने झाडं लागतात. झाडं लावणं पुण्याचंच, पण माळावर ती लावून गवत मारणं ही चूक आहे. मनोलीला सावली नको, बी धरलेलं गवत हवं. शेतातही तेच: बांधावर तणनाशक, उरलेल्याला काडी.

ग्रामपंचायतींनी ओढ्याकाठचा निदान एक पट्टा वृक्षारोपणातून वगळावा. शेतकऱ्यांनी एका बांधावरचं गवत थंडी सरेपर्यंत उभं ठेवावं, आणि पेटवू तर कधीच नये. पाऊस संपल्यावरही त्यात पिल्लं असतात.