विश्लेषण : रेंज गेली, तर आधी काय पाठवायचे?

एप्रिल २००३. बगदादच्या नैऋत्येला युफ्रेटिस नदीवरचा पूल अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतला. त्याच रात्री तिथल्या बटालियनवर इराकी चिलखती दलाने मोठा प्रतिहल्ला चढवला. उपग्रह, टेहळणी विमाने असे सगळे दिमतीला असूनही, शत्रू किती आणि कुठून येतोय याची जवळपास काहीच माहिती आपल्यापर्यंत आली नव्हती, असे बटालियनप्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट मार्कोन यांनी नंतर सांगितले. मुख्यालयांच्या पडद्यांवर माहिती भरपूर होती. पुढच्या तुकड्या मात्र कोरड्याच.

असे का झाले?

जास्त क्षमतेचा डेटा मायक्रोवेव्ह रिलेवरून येई. त्यासाठी थांबून अँटेना उभाराव्या लागत आणि तोवर रणगाडे पुढे निघून जात. गंमत म्हणजे त्याच मोहिमेत ‘ब्लू फोर्स ट्रॅकर’ ही साधी यंत्रणा धावत्या गाडीतही चालली. ती उपग्रहामार्फत फक्त गाडीचे ठिकाण आणि छोटे संदेश पाठवत होती.

तुमच्या फोनवरही हेच घडते. रेंज कमी झाली की व्हिडीओ धूसर होतो, फोटो गोल गोल फिरत राहतो, मजकूर मात्र जातो. लष्करी जाळ्यात तर ठरावीक टॉवरच नसतो. प्रत्येक रेडिओ दुसऱ्यासाठी टॉवर होतो. तुकडी टेकडीआड गेली किंवा शत्रूने जॅमिंग केले की मार्ग बदलतो आणि क्षमता आटते. अशा वेळी यंत्रणेनेच निवड करायची असते. रणगाड्याचे नवे ठिकाण आले, तर रांगेतले जुने टाकून द्यायचे. चित्र जात नसेल, तर ‘पूर्वेकडून रणगाडे’ एवढेच पाठवायचे.

पण आधी कोणाला पाठवायचे? हा प्रश्न मला तंत्रज्ञानापेक्षा हुद्द्याचा वाटतो. सेनापतीच्या पडद्यावरचे ड्रोनचे थेट चित्रण बंद करून ती जागा पुढच्या सेक्शनच्या चार शब्दांना द्यायची, हे सॉफ्टवेअर करू शकते. तशी परवानगी साहेबांनी आधी द्यायला हवी. माझ्या मते अग्रक्रम धोक्याच्या अंतरावरून ठरावा, खांद्यावरच्या ताऱ्यांवरून नव्हे.

युक्रेनचे उदाहरण ताजे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी आक्रमणाच्या सुमारासच व्हायासॅटच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला, हजारो मोडेम बंद पडले. पुढे स्टारलिंकने तारले. पण २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकच जगभर सुमारे अडीच तास ठप्प झाले, तेव्हा आघाडीवरही अंधार झाला. शंभरवरून शून्यावर येणारे जाळे कितीही वेगवान असो, त्याला जुळवून घेणारे म्हणता येत नाही.

लडाखच्या दऱ्यांत डोंगरच सिग्नल अडवतात, तिथे शत्रूच्या जॅमरचीही गरज नाही. आपल्या रेडिओंच्या चाचणीत कमाल वेग मोजला जाईलच. क्षमता दहा टक्क्यांवर आली की तो रेडिओ काय टाकून देतो आणि काय राखतो, हेही त्याच चाचणीत मोजावे, तेही जवानांच्या देखत.